गृहिणीची पत

आपल्या शहरातील कोणत्याही पेठेत जावे आणि किराणामालाच्या दुकानातील उधारीची वही उघडून पाहावी. तीत पानापानावर पुरुषांची नावे आढळतील. माल नेणारी स्त्री, भावाची घासाघीस करणारी स्त्री, महिनाअखेर हिशेब तपासून अमक्या तारखेचे तेल आम्ही नेलेच नव्हते असे दुकानदारास बजावणारी स्त्री, आणि पैसे आणून देणारीही बहुधा स्त्रीच. परंतु खाते मात्र तिच्या पतीच्या नावाचे. दुकानदारास विचारल्यास तो प्रामाणिकपणे सांगेल की, त्या बाईंचा व्यवहार चोख आहे म्हणूनच आपण उधार देतो. म्हणजे विश्वास एकीवर आणि नोंद दुसऱ्याच्या नावावर, असा हा प्रकार आहे. पेठेतील वहीत ह्या विसंगतीने कोणाचे फारसे नुकसान होत नसेल. परंतु हीच रीत जेव्हा बँकेच्या वहीत शिरते तेव्हा तिचे परिणाम गंभीर होतात, आणि त्यांचाच विचार आज आम्ही करणार आहोत.

पत ह्या शब्दाचा अर्थ व्यापारी वर्गास सांगावयास नको. भांडवल हातचे गेले तरी पत राहिली तर व्यापारी पुन्हा उभा राहतो. पत गेली तर भांडवल असूनही पेढी बसते. पूर्वी ही पत माणसाच्या वागणुकीवरून व घराण्याच्या लौकिकावरून ठरत असे. आता ती आकड्यावरून ठरते. पतविषयक माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांसाठी २००५ साली स्वतंत्र कायदा झाला, आणि त्यान्वये काम करणाऱ्या संस्था प्रत्येक कर्जदाराचा पूर्ववृत्तांत ठेवून तो बँकांना पुरवितात. 'सिबिल' ह्या नावाने जो आकडा आज सर्वतोमुखी झाला आहे तो ३०० पासून ९०० पर्यंत असतो. हप्ते वेळेवर भरणाऱ्याचा आकडा चढतो, चुकविणाऱ्याचा उतरतो. परंतु जिने आपल्या नावाने कधी कर्जच घेतले नाही तिला आकडाच नसतो. तिची पत चांगली म्हणावी तर तसा पुरावा नाही आणि वाईट म्हणावी तर तसाही नाही. वीस-पंचवीस वर्षे काटकसरीने संसार चालविलेली गृहिणी आणि काल सज्ञान झालेला मुलगा ह्या दोघांस बँकेचे यंत्र एकाच मापाने मोजते.

अशी गृहिणी लहानसे कर्ज किंवा क्रेडिट कार्ड मागावयास गेली म्हणजे काय घडते? अर्जात व्यवसायाच्या रकान्यात ती 'गृहिणी' असे लिहिते, आणि वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात लिहावयास तिच्यापाशी काही नसते. वेतनाची पावती नाही, आयकराचे विवरणपत्र नाही, म्हणून अर्ज तेथेच अडतो. मग तिला सांगण्यात येते की, पतीच्या नावाने कार्ड घ्या, त्यावर तुम्हांस पूरक कार्ड मिळेल. हे पूरक कार्ड दिसावयास तिच्या नावाचे असले तरी त्यावरील देण्याची जबाबदारी मूळ कार्डधारकाची असते, आणि वक्तशीर भरण्याचा लौकिकही त्याच्याच खाती जमा होतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डासंबंधी जे निर्देश काढले त्यांत, विद्यार्थी व स्वतंत्र आर्थिक साधन नसलेले इतर लोक ह्यांना कार्ड देताना जोखमीची विशेष पारख करावी, असे म्हटले होते. ही सावधगिरी गैर आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु 'इतर लोक' ह्या दोन शब्दांत देशातील कोट्यवधी गृहिणी गडप होतात, हे लक्षात घेतले पाहिजे. पतीवाचून पत नाही, असाच हा न्याय झाला.

ज्या घरात सर्व सुरळीत चालले आहे तेथे ह्या न्यायाची झळ लागत नाही, आणि म्हणूनच सुखवस्तू पुरुषांस हा प्रश्न किरकोळ वाटतो. झळ लागते ती दिवस फिरल्यावर. पती एकाएकी वारला म्हणजे त्याचे कार्ड बंद होते, त्याच्या एकट्याच्या नावाचे खाते वारसाचे कागदपत्र पुरे होईपर्यंत अडकून पडते, आणि ऐन गरजेच्या महिन्यांत त्या विधवेच्या नावावर एक रुपयाचीही पत नसते. पतीने टाकलेल्या स्त्रीची अवस्था ह्याहून वाईट, कारण तिला वारसाहक्कही नाही. पती अंथरुणास खिळला असता औषधोपचारासाठी पैसा उभा करावयाचा तो कोणाच्या सहीवर? आणि अशा संकटाची गोष्ट सोडली तरी, मुले मोठी झाल्यावर घरच्या घरी शिवणकाम, खाद्यपदार्थ किंवा शिकवणी असा काही उद्योग करू म्हणणाऱ्या स्त्रीस पहिल्या दहा-वीस हजारांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. ह्या साऱ्या जणींचा मार्ग अखेर अंगावरचे दागिने मोडण्याकडे किंवा खासगी सावकाराकडे जातो. हल्ली हा सावकार मोबाईलमध्ये येऊन बसला आहे, एवढाच फरक.

कायद्याने स्त्रीचे हात बांधलेले आहेत, अशी कोणाची समजूत असल्यास ती चुकीची आहे. १८७२ च्या कराराच्या कायद्याने करार करण्याची पात्रता वय, शुद्ध बुद्धी आणि कायद्याने मनाई नसणे ह्या तीन गोष्टींवर ठरविली. तीत स्त्री-पुरुष किंवा विवाहित-अविवाहित असा भेद नाही. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यातील, पतीने पत्नीच्या हितार्थ उतरविलेल्या विम्याची रक्कम पतीच्या सावकारांपासून सुरक्षित ठेवणारे कलम १९२३ च्या दुरुस्तीने हिंदूंनाही लागू झाले. मुंबईचे डॉक्टर गोपाळराव देशमुख ह्यांच्या खटपटीने १९३७ साली हिंदू विधवेस पतीच्या मिळकतीत हक्क मिळाला. तो मर्यादित होता. १९५६ च्या वारसा कायद्याने ती मर्यादा काढून टाकली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, आणि सबंध देशाने २००५ साली. सारांश, दीडशे वर्षांत कायद्याने आपले काम बरेच उरकले आहे. मागे राहिली आहे ती रूढी, आणि तिने आता बँकेच्या अर्जातील रकान्यांत ठाण मांडले आहे.

ज्यांना कायद्यापेक्षा शास्त्राचा आधार अधिक वाटतो त्यांसही आम्ही एक गोष्ट सुचवितो. स्त्रीधनाची कल्पना आपल्या धर्मशास्त्रात फार जुनी आहे. दुष्काळ, धर्मकार्य, आजार किंवा बंदिवास अशा प्रसंगी पतीने पत्नीचे स्त्रीधन वापरले तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. ह्या अपवादाचा सरळ अर्थ असा की, एरव्ही घेतलेले स्त्रीधन परत केलेच पाहिजे. म्हणजे पत्नी ही पतीची धनको होऊ शकते, ही गोष्ट स्मृतिकारांस मान्य होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली आणि पुन्हा २०२४ साली हेच तत्त्व आजच्या कायद्याच्या भाषेत सांगितले, की स्त्रीधन ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता असून पतीचा तिच्यावर मालकी हक्क नाही. जी स्त्री घरात धनको होऊ शकते ती बँकेत ऋणको होण्यास अपात्र कशी?

ह्यावर असे म्हणण्यात येईल की, कर्ज फेडावयाचे ते उत्पन्नातून, आणि गृहिणीस तर उत्पन्नच नाही. ह्या आक्षेपाचे मूळ गृहिणीचे काम म्हणजे कामच नव्हे ह्या समजुतीत आहे. २००१ च्या जनगणनेत गृहिणींस काम न करणाऱ्यांच्या वर्गात भिकारी व कैदी ह्यांच्याबरोबर बसविण्यात आले होते, आणि त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका अपघाताच्या नुकसानभरपाईच्या खटल्यात कडक ताशेरे झाडले. २०२१ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने अशाच एका खटल्यात २०११ च्या जनगणनेचे आकडे पुढे ठेवले: घरकाम हाच आपला मुख्य व्यवसाय असे सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे १६ कोटी, आणि पुरुष ५८ लाखांच्या आत. सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीत असे आढळले की, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे रोज सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात आणि पुरुषांची ८८. जवळजवळ पाच तासांचे हे रोजचे काम आहे. ते पगारी माणसांकडून करवून घ्यावयाचे झाले तर पतीच्या मिळकतीपैकी किती शिल्लक राहील, ह्याचा हिशेब प्रत्येक गृहस्थाने एकदा मांडून पाहावा. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली हाच विचार करून, पतीच्या कमाईतून घेतलेल्या मिळकतीत घर सांभाळणाऱ्या पत्नीचाही अप्रत्यक्ष वाटा असतो, असा निर्णय दिला. पत्नी अपघातात मेली तर न्यायालय तिच्या कामाची किंमत रुपयांत ठरविते. ती जिवंत असता मात्र बँक त्याच कामाची किंमत शून्य धरते. असला हिशेब कोणता व्यापारी मान्य करील?

बायकांच्या हाती पत दिली तर त्या उधळपट्टी करतील, अशी भीती घालणारेही काही आहेत. त्यांनी अनुभवाकडे पाहावे. १९५९ च्या मार्च महिन्यात मुंबईस गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. त्यातून लिज्जत पापडाचा जो उद्योग उभा राहिला त्याने हजारो स्त्रियांच्या संसारास हातभार लावला. १९७४ साली अहमदाबादेस इला भट्ट ह्यांच्या पुढाकाराने ४,००० कष्टकरी स्त्रियांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेऊन सेवा बँक काढली. १९७५ साली प्रेमा पुरव ह्यांनी गिरणगावात अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि गिरणीकामगारांच्या खानावळी चालविणाऱ्या, सावकाराच्या व्याजात बुडालेल्या बायकांस बँकांची दारे उघडून दिली. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा ह्यांनी स्त्रियांच्या बँकेसाठी अर्ज केला तेव्हा प्रवर्तक स्त्रिया निरक्षर म्हणून तो प्रथम नाकारण्यात आला. त्या स्त्रियांनी हार न मानता पुन्हा जाऊन आपला हिशेबीपणा अधिकाऱ्यांस पटवून दिला, आणि १९९७ साली माणदेशी बँक सुरू झाली. ह्या नामांकित संस्था राहू द्या. आपल्याच आळीतील भिशी पाहा. दहा-बारा जणी दरमहा ठराविक रक्कम घालतात, चिठ्ठी निघेल तिने ती उचलावयाची आणि पुढेही नेमाने भरत राहावयाचे. कागद नाही, जामीन नाही, तरी वर्षानुवर्षे हा व्यवहार चालतो. हे कर्जफेडीचे शिक्षण नव्हे तर काय? ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजारांच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा घरोघर डाळीच्या डब्यांतून व साड्यांच्या घड्यांतून जी शिल्लक बाहेर पडली, ती कोणी साठविली होती? ह्या शिल्लकीपैकी अडीच लाखांपर्यंतची रक्कम गृहिणीचे अघोषित उत्पन्न समजू नये, असा निवाडा २०२१ साली आयकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा येथील खंडपीठाने दिला. गृहिणी बचत करते ही गोष्ट अशा रीतीने करखात्याच्या दप्तरीही सिद्ध झाली आहे.

हा प्रश्न केवळ आपल्याच देशात उपस्थित झाला असे नाही. अमेरिकेत कर्ज देताना स्त्री-पुरुष किंवा विवाहित-अविवाहित असा भेद करू नये, असा कायदा १९७४ साली झाला. पुढे २००९ साली, कॉलेजातील पोरसवदा मुलांस कार्डाच्या जाळ्यात ओढण्याचा प्रकार थांबविण्यासाठी दुसरा कायदा झाला, आणि एकवीस वर्षांखालील अर्जदाराने स्वतंत्र उत्पन्न दाखवावे अशी अट त्यात आली. तेथील मध्यवर्ती बँकेने नियम करताना ही स्वतंत्र उत्पन्नाची अट सर्व वयाच्या अर्जदारांस लागू केली, आणि ऑक्टोबर २०११ पासून घर सांभाळणाऱ्या पत्नींचे व पतींचेही अर्ज परत येऊ लागले. मुलांच्या रक्षणार्थ केलेला कायदा आयांच्या मुळावर आला. त्यावर मोठी ओरड झाली, आणि ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठी नेमलेल्या सरकारी कचेरीने २९ एप्रिल २०१३ रोजी नियम बदलला. एकवीस वर्षांवरील अर्जदारास ज्या उत्पन्नाचा आपल्याला वाजवी लाभ मिळतो ते उत्पन्न, मग ते जोडीदाराचे का असेना, आपल्या अर्जात दाखविता यावे, असे ठरले. पगार संयुक्त खात्यात जमा होत असेल, किंवा जोडीदार नेमाने हिच्या खात्यात रक्कम भरत असेल, तर ते उत्पन्न धरावे. जोडीदाराचे खाते तिला सर्वस्वी बंद असेल आणि तिच्या खर्चासही त्यातून काही मिळत नसेल, तर धरू नये, अशी उदाहरणेही नियमात घातली. घराबाहेर काम न करणारे असे विवाहित स्त्री-पुरुष त्या देशात एक कोटी साठ लाखांहून अधिक आहेत, असे त्या वेळी सांगण्यात आले होते. नियम साधा, परंतु त्यातील तत्त्व मोठे आहे: संसाराचे उत्पन्न हे संसाराचे असते, एकट्याचे नसते.

हे तत्त्व आपणास परके आहे काय? मुळीच नाही. आपल्याच रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून लागू केलेल्या सूक्ष्मवित्ताच्या नियमांत, पती, पत्नी व अविवाहित मुले मिळून एक कुटुंब धरले, त्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असल्यास विनातारण कर्ज द्यावे असे ठरविले, आणि सर्व हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत अशी मर्यादा घातली. म्हणजे खेड्यातील मजुराची पत्नी कर्ज मागते तेव्हा कुटुंबाचे उत्पन्न मोजण्याची युक्ती बँकेस सुचते. शहरातील कारकुनाची किंवा दुकानदाराची पत्नी आली की ती युक्ती विसरली जाते. गरिबास लागू केलेला न्याय मध्यम वर्गास लागू करण्यात अडचण कोणती, हे आम्हांस समजत नाही. जनधन योजनेतही असेच तत्त्व आहे. त्या खात्यावर दहा हजार रुपयांपर्यंत जादा उचल देण्याची जी सोय आहे ती कुटुंबातील एकाच खात्यास, आणि शक्यतो घरातील स्त्रीच्या खात्यास द्यावी, असा नियम आहे. हा नियम किती गृहिणींस कोणी समजावून सांगितला आहे?

आणखी एक विसंगती पाहा. घर विकत घेताना पत्नीचे नाव घातले तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे होणाऱ्या खरेदीवर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, म्हणून हिशेबी गृहस्थ पत्नीस पुढे करतात. गृहकर्जास सहकर्जदार म्हणून तिची सही सर्वांस चालते. म्हणजे कर्जाच्या ओझ्यास ती पात्र, परंतु स्वतःच्या गरजेसाठी दहा हजार मागितले तर अपात्र. जबाबदारी द्यावयाची आणि अधिकार रोखावयाचा, ही रीत आपल्या समाजात स्त्रियांच्या बाबतीत जुनीच आहे.

आता विरुद्ध पक्षाचे एक म्हणणे आम्हांस मनापासून मान्य आहे, ते असे की, पत म्हणजे सुख नव्हे आणि कर्ज म्हणजे संपत्ती नव्हे. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, ते कशाने त्रस्त होऊन, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. आजही गटांतून व सूक्ष्मवित्त संस्थांतून स्त्रीच्या नावाने कर्ज निघते, पैसा पती किंवा मुलगा वापरतो, आणि हप्त्याच्या दिवशी वसुलीदाराचे बोलणे तिला ऐकावे लागते, असे पुष्कळ ठिकाणी घडते. नाव तिचे, पैसा त्याचा आणि अब्रू तिची जावयाची, असल्या पतीपेक्षा ती नसलेली बरी. परंतु ह्यावरून स्त्रीस पत देऊ नये असे निघत नाही. पतीबरोबर ताबाही द्यावा, एवढेच निघते. खाते तिचे एकटीचे असावे, रक्कम त्यातच जमा व्हावी, आणि खात्यास जोडलेला मोबाईल क्रमांकही तिचाच असावा. शेवटची गोष्ट क्षुल्लक नाही. आज खात्याची किल्ली म्हणजे त्या क्रमांकावर येणारा ओटीपी. तो पतीच्या खिशातील यंत्रावर येत असेल तर पासबुकावर कोणाचे नाव आहे ह्यास अर्थ उरत नाही.

कोणी असेही विचारतील की, नवराबायकोच्या संसारात हे तुझे-माझे कशास? आम्ही उलट विचारतो की, भागीदारीच्या पेढीत दोन्ही भागीदारांची नावे वहीत असतात, म्हणून त्यांचे प्रेम कमी होते काय? पेढी टिकते ती नावे व हिशेब स्पष्ट असल्यामुळेच. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पोटगीच्या एका खटल्यात निकाल देताना, पत्नीस स्वतःचे उत्पन्न नसेल तर पतीने संयुक्त खाते व एटीएम कार्ड ह्यांसारख्या मार्गांनी तिच्या हाती पैसा राहील असे करावे, असा उपदेश भारतातील पतींस केला. मागावे लागणारा पैसा आणि हाती असलेला पैसा ह्यांत केवढे अंतर आहे, हे मागणारासच कळते.

तेव्हा करावे काय? स्त्रियांसाठी निराळी बँक काढणे हा एक उपाय करून झाला. १९ नोव्हेंबर २०१३ रोजी मुंबईस भारतीय महिला बँक उघडली आणि १ एप्रिल २०१७ रोजी ती स्टेट बँकेत विलीन झाली. एका कोपऱ्यात निराळे दार ठेवण्यापेक्षा सर्व बँकांची मुख्य दारे उघडणे अधिक अगत्याचे आहे. आमची पहिली सूचना रिझर्व्ह बँकेस आहे: सूक्ष्मवित्तात मान्य केलेले कुटुंबाच्या उत्पन्नाचे तत्त्व लहान वैयक्तिक कर्जे व कार्डे ह्यांसही लावावे. संयुक्त खात्यात नेमाने जमा होणारी, किंवा पत्नीच्या स्वतंत्र खात्यात दरमहा येणारी रक्कम तिचे उत्पन्न म्हणून धरली जावी. पतीच्या संमतीपत्राची अट मात्र घालू नये. ती घातली तर सारी सुधारणा पुन्हा पतीच्या मर्जीवर येऊन बसेल. प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्ववृत्तांत नाही एवढ्यावरून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्या संस्थांस बजावले असल्याचे सरकारने २०२५ साली संसदेत सांगितले आहे. ह्या सूचनेचा लाभ गृहिणीस प्रत्यक्ष मिळतो की नाही, ह्यावर देखरेख ठेवावी.

दुसरी सूचना आमच्या सहकारी बँका व पतपेढ्या ह्यांच्या चालकांस. 'पत' हा शब्द ज्यांनी आपल्या पाटीवर लिहिला आहे त्यांनी तो निम्म्या समाजापुरता ठेवू नये. सहकारात भाग कितीही असोत, सभासदास मत एकच. हे तत्त्व गृहिणीस फार सोयीचे आहे. तिला सभासद करून घ्यावे, तिच्या स्वतःच्या लहान मुदत ठेवीच्या तारणावर मर्यादित उचल द्यावी, ती वेळेवर फिटली की मर्यादा वाढवावी, आणि ह्या फेडीची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे तिच्या नावाने जाईल अशी व्यवस्था करावी. अशा व्यवहारात संस्थेचा पैसा बुडण्याची भीती जवळजवळ नाही, आणि दोन-तीन वर्षांत गृहिणीचे नाव वहीत पक्के होते.

तिसरी सूचना गृहस्थांस आहे, आणि तिला कायद्याची वाट पाहावयास नको. घरखर्चाचे पैसे मागतील तेव्हा हातावर ठेवण्याची चाल सोडून, दरमहा ठराविक तारखेस ठराविक रक्कम पत्नीच्या स्वतंत्र खात्यात भरावी. आमचे व्यापारी बंधू लगेच कराची शंका काढतील. पतीने पत्नीस दिलेल्या रकमेवर तिला कर पडत नाही. त्या रकमेच्या गुंतवणुकीचे व्याज पतीच्या उत्पन्नात मिळविले जाते, एवढेच. त्यामुळे कर वाचणार नाही हे खरे, परंतु वाढणारही नाही. आणि ही व्यवस्था कर वाचविण्यासाठी सुचविलेली नाही. पत्नीच्या खात्यातील ही नियमित जमा हाच उद्या तिच्या पतीचा, म्हणजे तिच्या स्वतःच्या विश्वासार्हतेचा, लेखी पुरावा होईल. गृहिणींसही आमचे सांगणे आहे की, बँकेतील व्यवहार हे पुरुषांचे काम असे म्हणून अंग काढून घेऊ नये. आपल्या नावाची ठेव, आपला मोबाईल क्रमांक, आपली सही आणि वर्षातून एकदा आपल्या पतविवरणाची तपासणी, एवढे प्रत्येकीने आपल्या हाती ठेवावे.

शेवटची सूचना दुकानदारांस. दिवाळीच्या पाडव्यास आपण नव्या वह्या घालता, आणि त्याच दिवशी घरोघर पत्नी पतीस ओवाळते व तो ताटात ओवाळणी घालतो. येत्या पाडव्यास वहीचे नवे पान उघडताना, जिच्या शब्दावर आपण वर्षभर उधार दिले तिचेच नाव त्या पानाच्या माथ्यावर लिहावे. त्याने दुकानदाराचे काहीच जावयाचे नाही. पेठेने एवढे केले तर बँकांस ते न करण्याचे कारण सांगणे कठीण जाईल. आणि ज्या गृहस्थांची नावे त्या पानांवरून जातील, त्यांनी त्या दिवशीची ओवाळणी पत्नीच्या नावाच्या खात्यात भरली, तर ती वर्षभर पुरेल.